फ्रेडरिक्सबोर्गचा ऑर्गन: अर्धा तास ऐकण्यासारखा

ऑर्गन म्हटले की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. डेन्मार्कमधील हिलरॉड येथील फ्रेडरिक्सबोर्ग राजवाड्याच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, गुरुवारी दुपारी जो ऑर्गन वाजतो, त्याचा आवाज नळ्यांतून येतो. १००१ नळ्या आहेत आणि त्या सगळ्या लाकडाच्या आहेत. दर्शनी नळ्यांवर हस्तिदंत मढवलेले असल्यामुळे हे लाकूड आहे, याचा खालून पत्ताही लागत नाही.

एसायास कॉम्पेनियस याने १६१० मध्ये जर्मनीतील ब्रुन्सविकच्या ड्यूकसाठी हे वाद्य पूर्ण केले. ते मुळात देवळातले नव्हे, तर दरबारातले वाद्य. त्यामुळे त्याचा आवाज घुमून अंगावर येत नाही, बासरी आणि सनई शेजारच्या खोलीत वाजावी तसा मोजका येतो. ड्यूकच्या निधनानंतर १६१७ मध्ये ते डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन याच्याकडे आले, आणि त्याची जुळणी करायला आलेला कॉम्पेनियस त्याच वर्षी तिथेच वारला. पुढे ते कोपनहेगनजवळच्या दुसऱ्या राजवाड्यात हलवले गेले होते, म्हणून १८५९ मध्ये फ्रेडरिक्सबोर्गला भीषण आग लागली, त्या वेळी ते इथे नव्हते. नशीब म्हणायचे!

जीर्णोद्धार दोनदा झाला: १८९५ मध्ये पॅरिसच्या कॅव्हाये-कोल कारखान्यातील फेलिक्स राइनबुर्ग याने केला, तर १९८५ ते १९८८ या काळात मॅड्स क्यर्सगोर यांनी. माझ्या मते त्यांचे खरे कसब, काय बदलले नाही, यात आहे. हवा भरायला विजेचा पंखा सहज बसवता आला असता. पण चारही भाते आजही माणूसच चालवतो. हवा भरताना होणारी लाकडाची हलकी करकर दोन स्वरांच्या मधल्या शांततेत ऐकू येते, आणि मला ती खटकली नाही.

स्वरजुळणीही जुन्याच पद्धतीची आहे. पेटीचा गांधार किंचित चढा असतो, ही आपल्याकडची जुनी तक्रार. इथे षड्जाबरोबर गांधार दाबला की तो तंबोऱ्यातून निघाल्यासारखा स्थिर उभा राहतो. याची किंमत अशी, की काही दूरच्या पट्ट्या या वाद्यावर चक्क बेसूर लागतात, त्यामुळे कार्यक्रमात सोळाव्या-सतराव्या शतकातील रचनाच शोभतात. भव्य, गडगडाटी ऑर्गनच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल. वादक वरच्या सज्जात असतो, म्हणून वाजवणारे हात दिसावेत असा हट्ट धरू नये. मी डोळे मिटून ऐकले, तेव्हाच गांधार नीट कानात बसला.