नोटा की अपक्ष?

सदाशिव पेठेतला जुन्या वळणाचा मतदार हल्ली सगळ्याच पक्षांवर चिडलाय. 'आपले' म्हणावेत तेही तत्त्व सोडून बसले, ही त्याची तक्रार. मग बटण कुठलं दाबायचं?

नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हे बटण, २०१३ पासून यंत्रावर शेवटी असतं. निषेध गुप्त राहतो, पण विधानसभेचा निकाल त्यानं बदलत नाही. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. अनामतीच्या हिशोबातही ही मतं धरत नाहीत. (महापालिकेला वेगळं: २०१८ च्या आदेशानुसार नोटा पहिलं आलं तर फेरनिवडणूक.)

अपक्षाला दिलेलं मत निदान निकालात धरलं तरी जातं. त्याला मतदारसंघातलेच १० सूचक (नाव सुचवणारे मतदार) आणि १०,००० रुपये अनामत लागते. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं नाही मिळाली, की अनामत गेली. निवडून आल्यावर पक्षात शिरला तर पक्षांतरबंदीनं आमदारकी जाते. बाहेरून पाठिंबा मात्र कुणालाही देता येतो, आणि फसगत होते ती इथेच. तिकीट नाकारलं म्हणून रुसून उभा राहिलेला असेल तर आमच्या मते नोटाच बरा.

नाहीतर आधी त्याचं नमुना २६ मधलं शपथपत्र उघडा: गुन्हे, मालमत्ता, कर्ज. रकाना कोरा सोडलेला चालत नाही, 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावंच लागतं.