पत्र्याचा कूलर आणि कवेलूची खोली

हा कूलर कुठल्या कंपनीचा नाही. आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागच्या गल्लीत एक दुकान आहे, तिथं पत्रा कापून, ठोकून, रंग मारून देतात, तो. किंमत ६,८०० रुपये, स्टँडचे ७०० वेगळे. अठरा इंची पंखा, तीन बाजूंना ताट्या, म्हणजे वाळा नाहीतर लाकडी किस भरलेल्या, पाण्यानं ओल्या राहणाऱ्या चौकटी, खाली पाण्याची टाकी. टाकी दुकानदाराच्या हिशेबानं शंभर लिटरची, आईच्या हिशेबानं सात बादल्यांची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आला आणि आता मृग लागून आठवडा झाला. एवढे दिवस त्याच्यासमोर काढल्यावर चार शब्द लिहायला हरकत नाही.

मी एरवी पुण्यात राहते, सातव्या मजल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आले, फेब्रुवारीत लेक झाली. बाळ यायच्या आधीच फ्लॅटमध्ये नको तेवढी खरेदी करून ठेवली होती, त्यात खोलीचं तापमान दाखवणारं एक छोटं डिजिटल यंत्रही होतं. तेवढं मात्र बॅगेत टाकून आणलं. मार्च सरता सरता एका दुपारी त्यानं आमच्या मधल्या खोलीत ३७ दाखवलं. पंखा फुल, आणि वरून येणारी हवा तव्यावरची. लेकीच्या मानेच्या वळ्यांत घामोळं लालभडक झालं होतं. ती रडत नव्हती, नुसती मलूल पडली होती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नवरा फोनवर म्हणाला, एसी मागवतो, दोन दिवसांत येईल. बाबांनी ओसरीवरूनच ऐकलं. ‘‘कवेलूच्या घरात एसी? गावाले थंड करतं का बाई?’’ खरंच होतं ते. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, फटींतून सकाळी उन्हाचे कवडसे खाली पडतात, तिथून गारवा निसटायला किती वेळ लागणार! शिवाय संध्याकाळी सगळं गाव लाईट लावतं तेव्हा आमची ट्यूब फडफडत राहते. त्या व्होल्टेजवर एसी काय डोंबलाचा चालणार.

आजीचा कूलरलाही विरोध होता. सव्वा महिना मी बाजेखाली शेगडी घेऊन झोपले होते, ओव्याची धुरी घेतली होती, आणि आता हे. ‘‘बाळंतिणीले कूलर लावतेत का माय? हाडात थंडी भरते.’’ दोन दिवस तोच विषय. मग तिला स्वतःच आठवलं. तिच्या लहानपणी गावच्या मालगुजाराच्या वाड्यात उन्हाळाभर खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधायचे, एक माणूस दिवसभर त्यावर पाणी मारत बसायचा, आणि वाड्यातल्या बाळंतिणी त्याच खोलीत असायच्या. सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, ‘‘मंग एक ताटी वाळ्याची लाव.’’ परवानगी मिळाली.

दुकानाचं आधी चांगलं सांगते. मालकानं पत्र्याचे दोन तुकडे हातात दिले, जाड आणि पातळ, आणि म्हणाला, वाकवून पाहा ताई. पातळवाला बोटानं वाकला. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची घ्या, दोन उन्हाळे जास्त जाईल, हेही सांगितलं. लेकरू लहान आहे म्हटल्यावर मोठी मोटर विकायचा मोह त्यानं टाळला. ‘‘त्याच्या हवेनं लेकराचं पांघरूण उडून जाईल.’’ एका बाजूला वाळा, दोन बाजूंना लाकडी किस, असं माझ्यासमोर भरून दिलं. तळाला थोडा उतार ठेवून अगदी खालच्या टोकाला बूच लावलं, ही त्याची सगळ्यात शहाणी गोष्ट. माझ्या नणंदेकडे प्लास्टिकचा कंपनीचा कूलर आहे, दिसायला देखणा, पण त्याचं बूच तळापासून दोन बोटं वर. टाकी कधीच पूर्ण रिकामी होत नाही, फडक्यानं पाणी टिपत बसावं लागतं.

आता वाईट. ‘उद्या देतो’ म्हणून चार दिवस लावले. पण ते सोडा, लग्नसराई होती. खरं भांडण आहे प्लगचं.

कूलर आला त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी टाकी भरताना पाणी सांडून फरशी ओली झालेली. मी अनवाणी, डाव्या खांद्यावर लेक, ढेकर काढत होते. हवेची जाळी जरा वर करावी म्हणून उजवा हात लावला आणि कोपरापर्यंत झटका बसला. मुंग्या वगैरे नाही, सरळ झटका. लेक माझ्या खांद्यावर होती, तिनं काही केलं नाही, फक्त माझ्या किंचाळण्यानं दचकून रडली. मी तिला घेऊन ओसरीवर येऊन बसले आणि माझे पाय किती तरी वेळ थरथरत होते. बाबांनी मेन बंद केला. पाहतो तर काय, वायरला दोनच पिना. लोखंडाचा डबा, त्यात सात बादल्या पाणी, आणि अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, ‘‘सगळ्यांचे असेच जातेत ताई, तुम्ही चप्पल घालून हात लावत जा.’’

आमच्याकडे दर उन्हाळ्यात पेपरात एक तरी बातमी असते, कूलरमध्ये पाणी टाकताना शॉक लागून गेल्याची. वाचून आपण पान उलटतो. मी यापुढे उलटणार नाही.

गावच्या वायरमनला बोलावलं. त्यानं तीन पिनांचा प्लग लावला, हिरवी वायर पत्र्याला स्क्रूनं घट्ट केली, अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग काढलं, आणि बोर्डावर तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला. गळतीचा करंट तेवढा झाला की तो स्वतःच लाईन तोडतो. सगळं मिळून २,९०० रुपये. म्हणजे कूलर ६,८०० चा नाही, दहा हजारांच्या वरचा, हे घेणाऱ्यानं धरूनच चालावं. आणि तरीही पाणी टाकायचं ते प्लग काढूनच. आईला ही सवय लावायला मला पंधरा दिवस लागले. आता ती दुसऱ्यांना रागावते.

गारव्याबद्दल. पहिले दोन दिवस टाकीतलं पाणी चहासारखं निघालं, किसाचा रंग. ते फेकून द्यायचं. त्यानंतर पहिल्यांदा पंप सोडला तेव्हा ओल्या वाळ्याचा जो वास खोलीत भरला, त्यासाठी आजीला शंभर माफ. यंत्र म्हणालं २९. बाहेर ४४ होतं. मला वाटलं यंत्र बिघडलं.

पण हे २९ उघड्या दारानं आलेलं आहे. शेजारच्या काकू कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट लावून घेतात, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, आणि तासाभरात ‘कूलर चिकचिक करते’ म्हणतात. करणारच. यात माठाचंच काम आहे: कोरडी हवा ओल्या ताटीतून जाते, पाणी उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. तीच ओली हवा खोलीत फिरत राहिली तर पाणी उडणार कुठून? म्हणून कूलर खिडकीच्या बाहेर स्टँडवर, तोंड आत, आणि समोरचं दार वीतभर उघडं. आमच्याकडची एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की धुतलेले लंगोट अर्ध्या तासात पापडासारखे होतात. कूलर त्या कोरडेपणावरच जगतो.

लेकीला हवेच्या समोर ठेवायचं नाही, असं बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं होतं. पाळणा बाजूच्या भिंतीशी, जाळ्या वर वळवलेल्या. आजीनं तरी टोपडं चढवलंच. मी काढायची, ती चढवायची, शेवटी पातळ सुती टोपड्यावर तह झाला. उन्हाचं बाळाला चमचाभर पाणी पाजावं असं अर्धं गाव सांगून गेलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यातच पाणी असतं, हे आशाताईंनी येऊन सांगितलं तेव्हा कुठं लोक गप्प झाले.

आवाज? घर्र घर्र. पुण्यात मी बाळासाठी मोबाईलवर पावसाचा आवाज लावायचं ठरवून बसले होते, इथं त्याची गरजच पडली नाही. गंमत अशी की लाईट गेली की लेक उकाड्यानं नाही, शांततेनं जागी होते. घरघर थांबल्याच्या दुसऱ्या मिनिटाला डोळे टक्क उघडे. मग इन्व्हर्टरवर पंखा, आणि मी हातपंखा घेऊन. नवतप्यात, २५ मेपासूनच्या त्या नऊ दिवसांत, असं रोज झालं. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ झालं होतं तेव्हा मी होस्टेलला होते, ओली ओढणी अंगावर घेऊन झोपायचो आम्ही, हसायचो. लेकरू मांडीवर असताना हसू येत नाही.

पाणी हा मोठा खर्च, आणि तो बिलात दिसत नाही. मेमध्ये सकाळी भरलेली टाकी दुपारी चारला खडखडाट. आमच्याकडे नळ दिवसाआड, तोही पाऊण तास. आई आधी प्यायचे गुंड भरते, मग रांजण, मग कूलरचा ड्रम. विहिरीच्या क्षाराच्या पाण्यानं ताट्यांवर पांढरी पुटं चढली आणि नवतप्याच्या चौथ्या दिवशी पंप गेला. दुकानदार म्हणे पंपाची गॅरंटी नसते. २५० रुपये, नवा पंप. आता दर शनिवारी पंप काढून जुन्या टूथब्रशनं घासते. त्याच दिवशी टाकीही रिकामी करून, घासून, तासभर उन्हात कोरडी. आशाताई टॉर्च मारून टाकीत अळ्या पाहतात. डेंग्यूचा डास अशाच साठल्या पाण्यात होतो. बूच काढलं की पाणी सरळ कढीपत्त्याच्या आळ्यात. त्या बुचासाठी दुकानदाराला एक स्टार वाढवून देते.

पुण्याला नेणार का, असं नवऱ्यानं विचारलं. नेऊन ठेवू कुठं? खिडक्या सरकत्या, बाहेर काही लटकवायला सोसायटीची मनाई. हॉलमध्ये ठेवला तर काकूंसारखी चिकचिक. आणि सात बादल्या वाहायला तिथं आई कुठून आणू?

कूलरला पाचपैकी चार. दुकानाला अडीच, आणि तेही बूच धरून. घ्यायचा तर होळीच्या आधी घ्या, भाव कमी असतो आणि माणसाला बोलायला वेळ असतो. तीन पिना दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवा पहिला पाऊस पडला. त्या रात्री कूलर लावला तर चादर दमट झाली आणि यंत्र ३१ च्या खाली येईना, तेव्हा बंद केला. ताट्या काढून उकिरड्यावर गेल्या, वाळ्याची तेवढी आजीनं वाळवून कपड्यांच्या पेटीत ठेवली. खोका ओसरीच्या कोपऱ्यात ओढून ठेवलाय. तीन बाजूंनी जाळ्या आहेत, हवा खेळती राहते, म्हणून आईनं त्यात कांदे भरायला घेतलेत.