डोनोराचं स्मॉग म्युझियम: पिट्सबर्गला आलात तर वाट वाकडी करून बघा

पिट्सबर्गला लेकीकडे आले की व्यंकटेश्वराचं देऊळ ठरलेलं. यंदा म्हटलं, मला ते डोनोरा गावातलं स्मॉगचं, म्हणजे धूरमिश्रित धुक्याचं म्युझियम दाखवा. जावई हसले, "आई, धूर बघायला कोणी जातं का?" माझं माहेर चेंबूरचं. आमच्या भागाला लोक सर्रास 'गॅस चेंबर' म्हणायचे, वाळत घातलेल्या कपड्यांनाही वास यायचा. मी जाणारच.

वेळ विचारून मगच निघा. स्वयंसेवक चालवतात, रोज उघडं नसतं. आम्ही न विचारता गेलो आणि कुलूप बघून परतलो, चूक आमचीच. दुसऱ्या खेपेला जमलं.

जागा साधीच, पण त्या भर दुपारच्या फोटोपाशी पाय थांबतात. रात्र वाटावी इतका काळोख! ऑक्टोबर 1948. मोनोंगाहेला नदीच्या वळणात, डोंगरांच्या कुशीत गाव. थंड हवा खाली अडकली, वर उबदार हवेचं झाकण बसलं आणि जस्ताच्या नि पोलादाच्या कारखान्यांचा धूर चार-पाच दिवस कोंडून राहिला. 14,000 वस्तीतली 20 माणसं गेली, सहा हजारांच्या आसपास आजारी पडली. तरी शनिवारी फुटबॉलची मॅच झालीच. बघणाऱ्यांना चेंडू दिसेना. लोकांना धुराची सवयच होती. धूर म्हणजे पगार.

अग्निशमन दलाचे लोक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन चाचपडत घरोघर फिरले. एकेकाला थोडा वेळ द्यायचा, की काढून पुढच्या घरी. आमच्या सासूबाईंना दमा होता. धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावरचा मास्क काढताना त्या लोकांना काय वाटलं असेल, हे मला तिथून हलू देईना.

रविवारी कारखान्याच्या भट्ट्या मंदावल्या, पाऊस आला, हवा मोकळी झाली. कंपनीचं म्हणणं, ही देवाची करणी! गावकऱ्यांनी दावे लावले, पुढे 2,35,000 डॉलरवर तडजोड झाली, कंपनीने चूक कबूल न करताच. अशा घटनांतूनच अमेरिकेत कायदे आले: केंद्राचा पहिला हवा-प्रदूषण कायदा 1955 चा, कडक कायदा 1970 चा. (आपला 1981 चा.) म्हणून इथे अभिमानाने लिहिलंय, 'क्लीन एअर स्टार्टेड हिअर', स्वच्छ हवेची सुरुवात इथून झाली. वर्षानुवर्षं ज्याबद्दल गाव फारसं बोललं नाही, तेच आता पाटीवर. मला हे फार आवडलं.

तासाभरात आटपेल म्हणून डबा गाडीतच ठेवला होता. जावईच बाहेर यायला तयार नव्हते. तीन वाजता उघडला तेव्हा पोळ्या वातड झाल्या होत्या.