एलसीआर मीटर घेतला, चार महिने वापरून काय वाटतं ते

आधी सरळ सांगतो, एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्त करत असाल किंवा घरी कॉइल गुंडाळत असाल तर वेगळा एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रेझिस्टन्स मोजणारा) घ्याच, मल्टीमीटरमधल्या इंडक्टन्सच्या रेंजवर विसंबून राहू नका. माझ्या जुन्या मल्टीमीटरमध्ये ती रेंज होती आणि रीडिंगही यायचं, पण ते कुठल्या फ्रिक्वेन्सीला मोजलंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कॉइलच्या बाबतीत तेच तर महत्त्वाचं असतं.

हा मीटर हातात मावणारा आहे, १०० हर्ट्झ, १२० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ अशा पाच फ्रिक्वेन्सी आहेत, वर मोठ्या अक्षरात इंडक्टन्स आणि खाली छोट्या अक्षरात क्यू (कॉइलमध्ये ऊर्जा जितकी कमी वाया जाते तितका हा आकडा मोठा) किंवा सिरीज रेझिस्टन्स. दुसरी ओळ आधी मी बघायचोच नाही, आता पहिली नजर तिकडेच जाते.

फ्रिक्वेन्सीचा फरक किती पडतो बघा. १०० मायक्रोहेन्रीची साधी कॉइल घ्या, १०० किलोहर्ट्झला तिची रिअ‍ॅक्टन्स (एसी करंटला होणारा अडथळा) जवळपास ६३ ओहम येते, म्हणजे मीटरला मोजायला भरपूर काही मिळतं. तीच कॉइल १०० हर्ट्झला लावली तर रिअ‍ॅक्टन्स ०.०६३ ओहम, तारेचा रेझिस्टन्सच त्याच्या तिप्पट-चौपट, मग आकडा नाचणारच, त्यात मीटरचा काही दोष नाही. उलट मोठ्या लोखंडी कोअरच्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी १०० किलोहर्ट्झला मोजायला गेलात तर वाइंडिंगची स्वतःची कपॅसिटन्स मध्ये येते आणि भलतंच काहीतरी दिसतं, तिथे १०० किंवा १२० हर्ट्झच बरोबर. ह्या मीटरचा ऑटो मोड मात्र स्वतःहून १ किलोहर्ट्झ धरतो आणि बंद करून चालू केला की तुम्ही लावलेली फ्रिक्वेन्सी विसरतो. हे मला खरंच खटकलं, दिवसातून दहा वेळा तेच बटण दाबायला लागतं.

छोट्या कॉइलसाठी शॉर्ट करेक्शन, म्हणजे मीटरच्या लीडची स्वतःची इंडक्टन्स रीडिंगमधून वजा करणं, करायला विसरू नका. तारेलाही इंडक्टन्स असते, सेंटीमीटरला ढोबळमानाने १० नॅनोहेन्री धरा, म्हणजे १० सेंटीमीटरच्या दोन लीड मिळून ०.२ मायक्रोहेन्रीच्या आसपास. १ मिलीहेन्रीच्या चोकला ह्याने काही बिघडत नाही, पण ४.७ मायक्रोहेन्रीची कॉइल मोजताना तेवढ्यानेच ४ टक्के फरक पडतो. क्लिपा एकमेकींना लावून करेक्शन घ्यायचं आणि नंतर लीड हलवायच्या नाहीत, कारण लूपचा आकार बदलला की इंडक्टन्सही बदलते.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शॉर्ट झालेला टर्न, म्हणजे वाइंडिंगमधला आतल्या आत जोडला गेलेला वेढा, शोधायला. मल्टीमीटरवर अशा वाइंडिंगचे ओहम जवळपास नेहमीसारखेच दिसतात म्हणून माणूस फसतो. एकदा चांगल्या फेराइट ट्रान्सफॉर्मरवर मुद्दाम करून बघितलं, कोअरभोवती तारेचा एकच वेढा घेतला आणि दोन्ही टोकं पिळून जोडली. १०० किलोहर्ट्झला मिलीहेन्रीतलं रीडिंग थेट मायक्रोहेन्रीत आलं, क्यू तर पार झोपला, टोकं सोडली की परत जसंच्या तसं. हेच १ किलोहर्ट्झला केलं तर आकडा थोडा खाली येतो इतकंच, त्यामुळे शॉर्ट टर्नचा संशय असेल तर वरच्या फ्रिक्वेन्सीलाच तपासा.

कॉमन मोड चोकलाही (एकाच कोअरवर दोन वाइंडिंग असलेली, नॉइज अडवणारी कॉइल) चांगला चालतो, दोन्ही वाइंडिंग सिरीजमध्ये एका दिशेने जोडली की एकीच्या जवळपास चौपट, एक उलटी केली की फक्त लीकेज (दुसऱ्या वाइंडिंगशी न जुळलेली इंडक्टन्स) उरते. दिशा कळते आणि कपलिंग किती घट्ट आहे तेही कळतं.

आता जे हा मीटर करत नाही ते. कोअर सॅच्युरेट होतो का, म्हणजे चुंबकत्वाने पूर्ण भरतो का, हे तो सांगू शकत नाही, कारण तो कॉइलमधून जेमतेम काही मिलीअँपिअर सोडतो. ह्यात माझं नुकसान झालंय. एका पॉवर सप्लायमधली जळलेली कॉइल बदलली, नवीन कॉइल मोजली तर बरोबर १०० मायक्रोहेन्री, बसवली आणि लोड टाकल्यावर मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) गेला, दुसरा लावला तोही गेला. आकडा खरा होता पण कोअर बारीक होता, करंट वाढला की इंडक्टन्स कोसळायची आणि मग मॉसफेटला आवरणारं काही उरायचंच नाही. आता बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटच्या) कॉइलला मी कमी वेळाचा पल्स देऊन ऑसिलोस्कोपवर करंट बघतो. १०० मायक्रोहेन्रीला १२ व्होल्ट दिले तर करंट दर मायक्रोसेकंदाला ०.१२ अँपिअर चढायला हवा, रेघ सरळ चढत असते आणि जिथे ती एकदम वर वळते तिथे कोअर भरला समजायचं. कॉइलचा कामातला पीक करंट त्या वळणाच्या बराच खाली राहायला हवा. म्हणून मीटर घेताना हेही डोक्यात असू द्या, पॉवरच्या कामाला स्कोप लागतोच.

बाकी बारीकसारीक, बॅटरी पुरते, स्क्रीन उजेडात नीट दिसते, क्लिपांच्या स्प्रिंग जरा ढिल्या आहेत त्यामुळे जाड तार निसटते. सर्किटमध्ये बसलेली कॉइल तशीच मोजू नका, एक पाय तरी सोडवा, आणि आसपासचा मोठा कपॅसिटर आधी डिस्चार्ज करा, चार्ज राहिलेला कपॅसिटर चुकून लागला तर ह्या मीटरचा इनपुट उडतो.

एक गोष्ट मात्र जमलं तर करून बघाच, उघड्या रिलेची कॉइल १०० हर्ट्झला लावा आणि आर्मेचर (रिलेची हलणारी लोखंडी पट्टी) बोटाने हळूहळू दाबत जा. फट बंद होत जाते तसतशी इंडक्टन्स आकड्यात चढताना दिसते, मी तर दहा मिनिटं तेच करत बसलो होतो.