विषय घेण्याआधी साक्षीदार शोधा: साहित्य, संस्कृती, कुटुंब की ग्राहक?

प्रकल्पाच्या विषयांची यादी फळ्यावर लिहिली की दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात दोन-तीन मुलं हमखास उभी असतात. प्रश्न एकच असतो, "टीचर, सोपा कुठला?" मी गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मराठी शिकवते. अकरावी-बारावीचे दीर्घ निबंध दरवर्षी माझ्याकडेच तपासायला येतात. विषयांचे शब्द बदलतात, पण घरं तीच चार: साहित्य, संस्कृती, कुटुंब आणि ग्राहक. सोपा कुठला हे मी सांगत नाही. मी उलट विचारते, तुझ्या विषयाला साक्षीदार कोण?

साक्षीदार म्हणजे ज्याच्याकडे जाऊन विचारता येतं आणि जो आपली चूक दाखवू शकतो. साहित्यात तो पुस्तक असतो. संस्कृतीत मांडावरची, म्हणजे गावातल्या नाच-गाण्यांच्या ठरलेल्या जागेवरची, आजी. कुटुंबाच्या विषयात आपल्याच घरची माणसं आणि ग्राहकाच्या विषयात पावती, पाकीट, वॉरंटी कार्ड असा कागद. चारही घरांतला खरा फरक इथे आहे. कुणाचा साक्षीदार बाराही महिने उपलब्ध असतो, कुणाचा वर्षातून पाच-सात रात्री. कुणी भरभरून बोलतो, तर कुणाला बोलतं करणंच योग्य नसतं.

बहुतेक मुलं संस्कृतीकडे वळतात. गोव्यात हा विषय अगदी उंबऱ्यापाशी असल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच सारखे निबंध सगळ्यांत जास्त याच विषयात निघतात. शिगमो, म्हणजे होळीच्या सुमाराचा लोकोत्सव, म्हटलं की रोमटामेळाची मिरवणूक, घोडेमोडणीचा नाच, ढोल-ताशे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, म्हटलं की माटोळी, फुगडी, घुमट-आरती. पंचवीस वह्यांत तेच परिच्छेद आणि त्याच क्रमाने. त्यात खोटं काही नसतं, पण ते लिहायला कुणाला घराबाहेर पाऊल टाकावं लागलेलं नसतं.

एका वर्षी एका मुलाने अख्खी चवथ बाजूला ठेवून फक्त माटोळी घेतली. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली फळं-पानं, एवढंच. आजोबांबरोबर बसून त्याने एकेका वस्तूचं नाव लिहून घेतलं: सुपारीचं शिपटं, आंब्याचे टाळे, तोरिंजन, चिबूड, कवंडळं, घागऱ्या. प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले. पूर्वी कुठून आणायचे आणि यंदा कुठून आणलं. पहिल्या रकान्यात कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, डोंगर, शेजाऱ्याचा बांध, ओहोळाची कड. दुसऱ्या रकान्यात खालपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच शब्द, बाजार. चवथीच्या आधीच्या दोन दिवसांत फोंडा, म्हापसा, पणजीच्या बाजारात रानातलं हे सामान घेऊन सत्तरी-धारबांदोड्याकडची माणसं बसतात. तो त्यांच्यापाशी जाऊन कुठल्या वस्तूसाठी किती लांब चालावं लागलं ते विचारून आला होता. रान माणसापासून किती दूर गेलं हे त्या दोन रकान्यांत दिसत होतं, आणि त्यासाठी त्याने 'पर्यावरणाचा ऱ्हास' हे शब्द एकदाही वापरले नव्हते.

संस्कृतीची मोठी अडचण म्हणजे तिचा साक्षीदार तिथीला बांधलेला असतो. चवथ भाद्रपदात, म्हणजे हाताशी वेळ असताना येते. धालो पौषात. बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून वाकतात, मागे-पुढे सरकतात, तो मांड त्याच रात्रींना जागा होतो. तुमचा निबंध ऑक्टोबरात द्यायचा असेल तर धालो तुम्हाला दिसणार नाहीत. मग ऐकीव माहितीवर लिहावं लागेल आणि ते वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं. शिगमो फाल्गुनात, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. तेव्हा आधी निबंधाची शेवटची तारीख बघा, मग पंचांग बघा आणि मगच विषय ठरवा. आणखी एक, मांडावर मोबाइल उघडण्याआधी विचारा. जी गाणी आणि जे विधी बायकांचेच आहेत, तिथे मुलग्याने थेट न घुसता आई-आजीला मध्ये घ्यावं. एवढा मान राखला तर माणसं पुढच्या वर्षीही बोलतात.

साहित्याचं याच्या उलट. पुस्तकाला तिथी लागत नाही. पाऊस कोसळत असताना खिडकीशी बसून सगळा पुरावा गोळा करता येतो, कारण तो पुस्तकाच्या पानांतच असतो. लाजाळू मुलांना, ज्यांना अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, मी हाच विषय सुचवते. पण इथला साक्षीदार एका वाचनात बोलत नाही. कथा असो की कविता, तीन वेळा वाचावी लागते, आणि तिसऱ्या वाचनाआधी गाईड उघडलं की तुमचं मत त्या गाईडचं होऊन जातं. मी वह्यांत अशी वाक्यं लगेच ओळखते. सोळा वर्षांच्या मुलाला 'कवीची आशयगर्भ प्रतिमासृष्टी' एकाएकी सुचत नसते.

गोव्यातल्या मुलांना साहित्यात एक वेगळी वाट मोकळी आहे, आणि तिच्यावरून फार कमी जण जातात याचं मला खरोखर वाईट वाटतं. आपल्याकडच्या मराठीचा इतिहास लांबवर जातो. केळशीच्या कृष्णदास शामाची मराठी श्रीकृष्णचरित्रकथा १५२६ सालची. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही मराठी रोमन अक्षरांत मांडून. पणजीत पाटोला असलेलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय कृष्णदास शामांच्याच नावाचं आहे आणि त्याची सुरुवात १८३२ ची. तिथे एक शनिवार घालवायची तयारी असेल तर हा विषय घ्या. मात्र जुनी ओवी पहिल्या दिवशी कळणार नाही. दहा ओव्या निवडा, त्यांतला एकेक शब्द उलगडा, आजी बोलते त्या कोकणीतला कुठला शब्द तिथे सापडतो ते शोधा. निबंधाला दहा ओव्या पुरतात. हातात पंधरा दिवसच असतील तर हा नाद करू नका. त्यापेक्षा गावच्या जत्रेत गावकऱ्यांनी बसवलेलं मराठी नाटक घ्या. तालमी कुठे झाल्या, संहिता कुठून आली, हशा पिकवणारा पंच कुणी कुठे आणि का घातला, हे सगळं सांगणारे नट तुमच्या वाड्यावरच राहतात. त्यात साहित्यही आलं आणि संस्कृतीही.

आता कुटुंब. या विषयाला मी मुलांना सगळ्यांत जास्त वेळा थांबवते. 'एकत्र कुटुंब की विभक्त कुटुंब' हा मथळा इतका झिजला आहे की त्यावर नवं लिहायला असामान्य मूल लागतं. तरी गोव्यात कुटुंबाला एक धार आहे, ती इथल्या कायद्याची. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून इथे लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिला. वारशाची कलमं आता गोव्याच्या स्वतःच्या नव्या कायद्यात आली आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांच्या समाईक मालकीची होते. मुलं असतील तर माणूस मृत्युपत्राने आपल्या वाट्यापैकी अर्ध्याचीच व्यवस्था मनासारखी लावू शकतो, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव, मुलगी-मुलगा भेद न करता. सीमेपलीकडे सावंतवाडीला मावशी दिली असेल तर तिच्या घरी हाच प्रश्न हिंदू उत्तराधिकार कायद्याने सुटतो. एकाच आजीच्या दोन मुली, दोन राज्यं, दोन कायदे. यातून जो निबंध निघेल तो 'संस्कारांचे महत्त्व' या शब्दांपाशी अडकून पडणार नाही.

पण इथले साक्षीदार तुमच्या जेवणाच्या पाटावर बसतात. एका मुलीने आत्याच्या वाटणीचा तंटा लिहिला होता. कोण कुणाला काय बोललं, कुणाची सही कशी घेतली, सगळं. निबंध फार चांगला होता, मी त्याला वरचे गुणही दिले. आठवड्याने ती एकटी आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, ती वही मला परत देता? दुसरं काहीतरी लिहून आणते." वडिलांनी पाहिलं होतं. मी वही दिली, तिने दुसरा निबंध लिहिला, आणि तेव्हापासून मी कुटुंबाचा विषय घेणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगते: ज्याच्याबद्दल लिहिणार त्याला आधी विचारा, नावं बदला, चालू भांडण घेऊ नका. आजोबा बोटीवर नोकरीला असतानाची पत्रं, घरात पहिला फ्रीज आला ते वर्ष, आईचं लग्नानंतरचं पहिलं बँक खातं, असल्या गोष्टींनी कुणाला जखम होत नाही आणि घर मात्र पुरतं दिसतं. संस्कृतीला तिथी लागते तसा कुटुंबाला विश्वास लागतो, आणि तो महिन्याभराच्या आत येत नाही.

ग्राहकाचा विषय मुलं शेवटी घेतात, कारण तो रुक्ष वाटतो. माझं मत वेगळं आहे. ज्याच्याकडे दहाच दिवस आहेत, त्याने हाच घ्यावा. साक्षीदार कागद आहे, तो लाजत नाही, रागावत नाही, पंचांग बघत नाही. फक्त तो जपून ठेवावा लागतो, आणि हे मला माझ्याच घरात कळलं. आम्ही मिक्सर घेतला, आठव्या महिन्यात मोटर जळली. दुकानात गेले तर पावती मागितली. पिशवीतून काढली, उलगडली, कागद कोरा! उष्णतेने छापणाऱ्या यंत्रातली ती गुळगुळीत पावती, स्वयंपाकघरातल्या खणात पडून पडून पार पुसली गेली होती. दुकानदार म्हणाला, यावर काहीच नाही. शेवटी कार्डाने पैसे दिल्याची बँकेची नोंद दाखवली, दोन-तीन खेपा घातल्या, तेव्हा दुरुस्ती झाली. तेव्हापासून आमच्याकडे पावती हातात पडली की त्याच दिवशी तिचा फोटो निघतो. एका मुलीने यावरूनच घरातल्या वर्षभराच्या पावत्या मांडल्या: किती वाचता येतात, किती पुसल्या, किती मुळात घेतल्याच नाहीत. चार पानांचा निबंध झाला आणि त्यात एकही ओळ कुठून उतरवलेली नव्हती.

पाठीमागे कायदाही पक्का आहे. ग्राहक संरक्षण कायदा आधी १९८६ चा होता, आताचा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या ठिकाणच्या आयोगाकडेही तक्रार देता येते, वस्तू कुठूनही मागवलेली असो. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण निबंधात हे कायद्याचं पान उतरवू नका. त्यापेक्षा बिस्किटांचं लहान आणि मोठं पाकीट शेजारी ठेवा, निव्वळ वजन आणि छापील किंमत बघा, दर ग्रॅमला किती पडतं ते काढा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं का? स्वतः गणित मांडून बघा.

आणि तरीही चारांतला एक ठरवता येत नसेल तर मी मुलांना पुरुमेंत सुचवते. पावसाळ्यापूर्वी घरात करायची साठवण. ट्रॉलरची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून सुकी मासळी, कोकमाची सोलं, मिरच्या, मीठ, कांद्याच्या माळी मे महिन्यात भरून ठेवायच्या. मडगावला पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे जत्रा, भरते, म्हापशाला शुक्रवारचा बाजार असतोच. भाव विचारलात तर तो ग्राहकाचा विषय होतो, आजीला विचारलंत तर कुटुंबाचा, आणि कुठल्या घरी काय साठवतात आणि का, हे लिहिलंत तर संस्कृतीचा. साक्षीदार तिन्हीकडचे मिळतात. बाजार पाहायला मे महिना हवा हे खरं, पण साठवण संपूर्ण पावसाळाभर घरातच असते, तिला कधीही विचारता येतं.

यंदा दारात उभ्या असलेल्यांपैकी एका मुलीने हाच विषय घेतला आहे. परवा ती पहिलं पान घेऊन आली. आजीच्या माळ्यावरच्या बरण्यांची मोजदाद: एकूण चौदा, त्यांतल्या पाच भरलेल्या. प्रत्येक रिकाम्या बरणीपुढे, पूर्वी तिच्यात काय असायचं ते आजीला विचारून लिहिलेलं होतं. दोन बरण्यांपुढे जागा कोरी होती. आजीला आठवत नाही, म्हणून येत्या रविवारी ती आजीच्या बहिणीकडे सावर्ड्याला जाणार आहे.