डाएटवाल्या मॅडमचा ३ महिन्यांचा प्लॅन, जळगाव
एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.३ आलं म्हणून घाबरत गेलो होतो, वाटलं ओट्स न् सॅलड लिहून देतील पण मॅडमनी आपली कळण्याची भाकरीच ठेवली, ज्वारी-उडदाचीच, सोबत भरीत, फक्त तेल चमच्याने मोजून. बट्टी तळायची नाही, भाजायची. शेवभाजी महिन्यातून एकदा, हे लय जड गेलं. आठवड्यात ५ दिवस ३० मिनिटं मेहरूण तलावावर जोरात चालणं, उन्हाळ्यात ६ च्या आतच निघा नाहीतर ऊन सोसत नाही. टेस्ट ३ महिन्यांनीच परत करायला लावली कारण त्यात तेवढ्या दिवसांची सरासरी साखर कळते, आता ५.८ आहे! अपॉइंटमेंट असूनही तासभर बसवतात, ते सुधारा प्लीज. बाकी मनापासून ४ स्टार.