आडनावाची फ्रेम, नवी पेठ: काम कडक, पण मजकूर तुमचा तुम्ही द्या

सोलापूरच्या नवी पेठेत आतल्या गल्लीला एक छोटं दुकान आहे, बोर्डावर नुसतं नेमप्लेट, शिक्के, ट्रॉफी, फोटो फ्रेम एवढंच लिहिलंय. तिथं आडनावाची फ्रेम करून मिळते. मधे मोठ्या अक्षरात तुमचं आडनाव, खाली ते कुठून आलं, कुलदैवत कोणतं आणि त्या आडनावाची मोठी माणसं कोण कोण. माझ्या आप्पांच्या पंच्याहत्तरीला मी 'शिंदे' करून घेतली. फ्रेमचं काम कडक आहे, मालक समजूतदार आहेत, पण त्यांच्या कॉम्प्युटरमधला तयार मजकूर जसाच्या तसा घेतला तर पैसे वाया जातील. सोलापुरात शिंदे काय कमी नाहीत आणि पवार-जाधव-मानेवाल्यांना पण हेच लागू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तयार मजकुरात काय होतं ते सांगते. वर घोड्यावरचा सरदार, दोन तलवारी, खाली वंश, गोत्र, देवक, कुलदैवत ज्योतिबा, आणि 'सिंध प्रांतातून आले म्हणून शिंदे' अशी एक ओळ. माणसं म्हणून फक्त राणोजी, दत्ताजी, महादजी. बास. एवढंच. सिंधची ओळ कुठून घेतली विचारलं तर मालक सरळ म्हणाले, नेटवर होतं ताई, काढायची असेल तर काढू की. लगेच काढली पण, हे मला आवडलं, वाद घालत बसले नाहीत.

त्याच्या जागी मी सिंद आणि सेंद्रक ही कर्नाटकाकडची जुनी घराणी घातली. सेंद्रक हे आधी कदंबांचे आणि मग बदामीच्या चालुक्यांचे सामंत, आणि सिंद हे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं घराणं, त्यांची एक शाखा येलबुर्ग्याला होती, आजच्या कोप्पळ जिल्ह्यात. शिंदे हे नाव या सिंद-सेंद्रकांशी बरेच अभ्यासक जोडतात. आता कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य म्हणजे आपला सोलापूरचा भाग त्यातच आला, आपल्या सिद्धरामेश्वरांचा काळ पण बाराव्या शतकातलाच. म्हणजे शिंदे नावाचं मूळ शोधायला सिंधला जायची गरजच काय, इथं खाली कर्नाटकात उतरलं तरी सापडतंय. फ्रेमवर मी 'असे मानले जाते' असंच लिहायला लावलं, कारण हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर छातीठोक बोलणं मला पटत नाही.

कुलदैवताचं तर फारच महत्त्वाचं. ज्योतिबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं कुलदैवत, ते बरोबर आहे. पण प्रत्येक शिंद्यांचं ज्योतिबा कसं असेल? आमचं बाळे गावचं खंडोबा, शेजारच्या शिंद्यांचं तुळजापूर. आणि वंश-गोत्र-देवक हा रकाना मी पूर्णच काढून टाकला. शिंदे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, ढोर समाजात आहेत, मातंगांत आहेत, बौद्धांत आहेत, अजून कितीतरी समाजात आहेत. एकाच घराचं गोत्र छापून बाकीच्यांच्या भिंतीवर लावायचं हे बरोबर नाही. आयुष्यभर आप्पांना लोकांनी 'कुठले शिंदे?' विचारलं आणि त्या प्रश्नामागं गाव विचारायचं नसतं हे सगळ्यांना माहीत आहे, मला लहानपणापासून तो प्रश्न टोचलाय. निदान घरातल्या फ्रेमनं तरी तो विचारू नये असं मला मनापासून वाटत होतं.

मग माणसांची यादी. इथं खरी मजा आली आणि इथंच जास्त वेळ गेला.

सरदार घराणं काढायचा प्रश्नच नाही. सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड हे त्यांचं गाव, राणोजींनी तिथून जाऊन माळव्यात बस्तान बसवलं. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले, 'बचेंगे तो और भी लढेंगे' हे त्यांच्या नावावरचं वाक्य आपल्याकडं पोरासोरांना पण पाठ असतं. आणि महादजी. पानिपतात पायाला जखम होऊन कायमचे अधू झालेला माणूस, आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षांत दिल्लीच्या बादशहाला गादीवर नेऊन बसवतो, ही काय साधी गोष्ट आहे का? १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीला गेले, तिथली शिंदे छत्री बघितली नसेल तर बघा. तयार मजकुरात 'महादाजी' छापलं होतं, ते 'महादजी' करून घेतलं. ग्वाल्हेरला तेच घराणं हिंदीत सिंधिया झालं आणि इंग्रजीत स्पेलिंग अजूनच वेगळं.

आणि यातूनच एक सोलापूरची गोष्ट निघते जी त्या मालकांना पण माहीत नव्हती. सिंधिया नावाची जहाज कंपनी १९१९ ला निघाली, ती उभी करणाऱ्यांतले वालचंद हिराचंद हे सोलापुरात जन्मलेले, ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आपल्या अशोक चौकाकडं आहे. त्यांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडनं लॉयल्टी नावाचं जहाज घेतलं, म्हणून कंपनीला सिंधिया नाव. ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून इंग्लंडला निघालं आणि म्हणूनच ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन. कण्हेरखेडच्या पाटलाच्या घराचं नाव समुद्रात जहाजांवर गेलं आणि ते नेलं सोलापूरच्या माणसानं. ही ओळ फ्रेमवर घालायला जागा करा म्हणून मी तलवारी काढायला लावल्या.

पुढं बायका. तयार फ्रेममध्ये एकही नाही! मी स्वतः माहेरची शिंदे, लग्नानंतर आडनाव बदललं, म्हणून मला हे जास्त लागलं असेल पण तसं नसतं तरी चूकच होती. अहिल्यादेवी होळकर माहेरच्या शिंदे, चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक, जन्म ३१ मे १७२५. ज्यांचं नाव आपल्या सोलापूर विद्यापीठाला आहे त्या बाई शिंद्यांच्या, आणि शिंद्यांच्याच फ्रेमवर नाहीत. आणि ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या. १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं, बायकांच्या चुकांवर बोट ठेवणाऱ्या पुरुषांना तोंडावर विचारलं की हेच दुर्गुण तुमच्यात नाहीत का. १८८२ साल, विचार करा. टीका झाली तेव्हा महात्मा फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ही दोन नावं मी मधल्या ओळीत घ्यायला लावली, कोपऱ्यात नाही.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे तर हवेतच. जन्म १८७३, जमखंडीचा, म्हणजे आपल्यापासनं विजापूरच्या पलीकडं. ऑक्सफर्डला जाऊन धर्माचा अभ्यास करून आलेला माणूस १९०६ ला मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढतो आणि अस्पृश्य मुलांच्या शाळा-वसतिगृहांच्या मागं आयुष्य घालवतो. आप्पांनी फ्रेम वाचताना यांच्यापाशी बोट थांबवलं आणि नातवाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

सदू शिंदे हे नाव माझ्या नवऱ्यानं सुचवलं. लेगस्पिनर, गुगली टाकायचे, सात कसोट्या खेळले, १९५१ ला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध एका डावात ९१ धावांत ६ विकेट. वयाच्या ३१ व्या वर्षी गेले. शरद पवारांचे सासरे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता आपल्या जिल्ह्याचे. गायक प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या वाटेवर प्रत्येक टपरीवर तोच आवाज, आणि एप्रिलमध्ये जयंतीला भीमगीतं, तो पण तोच आवाज, कव्वाली पण गायले. पुढं आनंद, मिलिंद आणि आता आदर्श. विठ्ठल आणि भीमराव दोघांना एकाच गळ्यानं गाणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला आहे याचा मला फार अभिमान आहे, त्यामुळं त्यांना दोन ओळी दिल्या, बाकी कुणाला एवढी जागा नाही.

सुशीलकुमार शिंदे सोलापुरात सांगायला नको. कोर्टात बेलिफ, मग पोलीस सबइन्स्पेक्टर, १९७४ ला करमाळ्यातून आमदार, २००३ ला मुख्यमंत्री, पुढं आंध्रचे राज्यपाल, २०१२ ला देशाचे गृहमंत्री. पक्ष कुठला का असेना, कोर्टाच्या नोकरीपासनं तिथपर्यंतचा प्रवास आपल्या गावातल्या पोरांनी वाचावा असाच आहे. २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, म्हणजे या आडनावाचे दोन मुख्यमंत्री झाले, त्यांची पण एक ओळ घेतली. राजकारणाला मी त्यापेक्षा जास्त जागा दिली नाही, नाहीतर आप्पांचे मित्र चहाला आले की फ्रेमखाली भांडणं.

सयाजी शिंदे मालकांनी सुचवले. मालक तेलुगू बोलणारे, साखर पेठेतले. म्हणाले, "सयाजी शिंदे टाका की ताई, आमच्या घरात तेलुगू पिक्चर बघून सगळे वळखतेत त्यांना." साताऱ्याचा मराठी नट आणि सोलापूरच्या तेलुगू घरात ओळखीचा, हे इथंच होऊ शकतं. झाडं लावायचं त्यांचं काम पण मोठं आहे. घेतलं.

कामाबद्दल. 'शिं' या अक्षराला अनुस्वार आणि वेलांटी दोन्ही वर येतात, पहिल्या प्रूफमध्ये टिंब वेलांटीच्या वळणात बुडालं होतं, लांबून 'शिदे' दिसत होतं. मी काही बोलायच्या आधीच मालकांनी स्क्रीनवर मोठं करून ते टिंब माऊसनं धरून उजवीकडं वर सरकवलं, परत दाराजवळ जाऊन तिथनं डोळे बारीक करून बघितलं, आणि परत केसभर हलवलं. फॉण्ट पण बदलला, आधीच्यात हिंदी वळणाचा श होता, मी न सांगता देठाचा श घेतला. एवढं बघणारा माणूस आजकाल मिळत नाही. याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी नेमप्लेट केली होती तिथं आईचं नाव चुकलं तरी 'आता कटिंग झालं' म्हणून हातात दिली होती.

साईझ बारा बाय अठरा इंच, मॅट पेपर, वर मॅट लॅमिनेशन, कडेला सागवानी रंगाची लाकडी पट्टी. काच न घेता ॲक्रिलिक घ्या, दीडशे जास्त पडतात पण वजन कमी. मला सगळं मिळून साडेसोळाशे लागले. मजकूर बदलायचे वेगळे पैसे घेतले नाहीत. कन्नड आणि तेलुगूमध्ये पण करून देतात, माझ्यासमोर एक बिराजदार कन्नडमध्ये करायला सांगून गेले.

खटकलं ते पण सांगते. सांगितलेल्या दिवशी मिळाली नाही, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मिळाली, जीव टांगणीला. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर मेसेज टाका, त्याला उत्तर येतं. मागचा हुक हलका आहे, ॲक्रिलिकला चालेल पण काचेच्या फ्रेमला दोन हुक लावून मागा. गाडी गल्लीत नेऊ नका, लावायला जागाच नाही, पार्क चौकाकडं लावून चालत या.

आणि मुख्य म्हणजे मजकूर मोबाईलवर मराठीत टाईप करून पाठवा, हातानं लिहिलेला कागद दिला तर टाईप करताना चुका होतात. सनावळ्या दोनदा तपासा. पंधरा-सोळा ओळींच्या वर जाऊ नका, अक्षर बारीक होतं आणि म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, ज्यांच्यासाठी केली त्यांनाच वाचता आली नाही तर काय उपयोग. माझा मजकूर मालकांनी विचारून ठेवून घेतलाय, पुढच्या शिंद्यांना दाखवू का म्हणाले, मी हो म्हणलं. फक्त कुलदैवताची ओळ कोरी ठेवा, ती ज्याची त्यानं भरायची, एवढं बजावून आले.